शहादेवाचे स्वच्छ हात

मेव्हण्याला विचारून बघावं, असं शहादेवला वाटलं तेव्हा तो अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होता, आणि विचार इतका बारीक होता की त्यानं सोलणंसुद्धा थांबवलं नाही. तेव्हाच थांबून त्यानं तो विचार शेंगांच्या टरफलांबरोबर शेळीपुढं टाकला असता, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण शेळीला टरफलं मिळाली आणि सुंदररावांना बीडला निरोप गेला.

झालं होतं असं. बीडला नदीकाठी निजाम सरकारनं पाणी उपसायला तेलावर चालणारं नवं इंजन बसवलं होतं आणि ते चालवायला माणूस पाहिजे होता. पुढच्या आठवड्यात गुरुवारी खात्याचे मोहतमीम, म्हणजे मुख्य साहेब, स्वतः उमेदवार बघणार होते. ही बातमी नेकनूरला आणली बंकट गाडीवानानं. इंजनाच्या पेट्या त्याच्याच बैलगाडीतून नदीपर्यंत गेल्या होत्या, त्यामुळं त्या इंजनाबद्दल तो थोडा घरच्यासारखा बोलायचा.

ही नोकरी शहादेवसाठीच काढली असावी, असं गावात सगळ्यांना वाटलं. सहा वर्षं त्यानं कड्याला अर्जुनरावांच्या जिनिंगमध्ये इंजन चालवलं होतं. लेकरू भुकेनं रडतंय की पोट दुखतंय हे आईला आवाजावरून कळतं, तसं शहादेवला इंजनाचं कळायचं. पुढं दोन वर्षं पाऊस पडला नाही, कापूस आला नाही, जिनिंग बंद पडलं, आणि शहादेव बायको भिवराबाई आणि तीन वर्षांची छबू यांना घेऊन नेकनूरला दोन एकर खडकावर परत आला. येताना त्यानं इंजनाचा एक जुना नट तेवढा आणला होता. तो कंबरेच्या पिशवीत असायचा. रिकामा वेळ मिळाला (आणि रिकामा वेळ त्याला भरपूर होता) की तो नट तेलाच्या चिंधीनं पुसत बसायचा.

नोकरी मिळाली नाही तर काय, हेही ठरलेलं होतं. त्यापुढच्या सोमवारी बबनराव मुकादमाची टोळी इंग्रजी हद्दीत कालवा खोदायला निघणार होती आणि शहादेव आणि भिवराबाई दोघांचं नाव टोळीत घातलं होतं. भिवराबाईची बहीण बायनाबाई गेल्या साली त्याच टोळीबरोबर गेली होती. जाताना ती, नवरा आणि लेकरू अशी तिघं होती. येताना दोघं आली. भिवराबाई त्याबद्दल काही बोलायची नाही. फक्त टोळीचं नाव निघालं की ती छबूला हाक मारायची, छबू शेजारीच बसलेली असली तरी.

शुक्रवारी कचेरीला सुट्टी असायची, त्यामुळं सुंदरराव आदल्या आठवड्याच्या गुरुवारीच दिवस मावळायच्या आत आले. भिवराबाईचे हे थोरले भाऊ बीडच्या तहसील कचेरीत अकरा वर्षं होते. नोकरी कशी मिळवावी हे त्यांच्याइतकं बारकाईनं कुणी पाहिलेलं नव्हतं. (ते स्वतः अजून बिनपगारी उमेदवारच होते. कायम व्हायची वाट बघत त्यांनी आपल्यामागून आलेले सतरा जण कायम होताना पाहिले होते. घर बायकोच्या माहेरच्या जमिनीवर चालत होतं. पण हे घरात कुणी काढत नसे.)

"दाजी," चहा बशीत ओतत ते म्हणाले, "मुलाकातीत काम येतं का न्हाई, हे कुणी बघत न्हाई. बघतात ती अदब."

"पर इंजनाचं काम हाय," शहादेव म्हणाला. "काम येतं का न्हाई हे न बघता माणूस घेतला तर इंजन फुटंल की."

"इंजन सरकारचं हाय. फुटू द्या. तुमी अदब सांभाळा."

मग त्यांनी शिकवणी सुरू केली. दारातून आत जाताना वाकून सलाम. साहेबांनी बघितलं तर दुसरा, नाही बघितलं तर बघेपर्यंत. बोलायचं ते उर्दूत.

"मला उर्दू न्हाई येत."

"एकच वाक्य यायला पायजे. म्हणा माझ्यामागं. हुजूर के इक़बाल से सब दुरुस्त है."

"म्हंजे काय?"

"हुजुरांच्या पुण्याईनं सगळं ठीक हाय. साहेबाच्या कुठल्याच वस्तूला वाईट म्हणायचं न्हाई, दाजी. साहेबाचा घोडा लंगडत असला तरी चाल खानदानी हाय म्हणायचं. गेल्या साली एकानं साहेबाला सांगितलं, तुमच्या खुर्चीचा पाय हलतोय. आज तो कुठं हाय?"

"कुठं हाय?"

"मलाबी ठाव न्हाई. म्हंजे बघा."

शहादेवला हे पटलं असं नाही. पण सुंदररावांच्या अंगात शेरवानी होती, डोक्यावर गोंड्याची लाल टोपी होती, आणि हे सगळं घालून बोलणाऱ्या माणसाला खोटं पाडायचं धाडस नेकनूरमध्ये कुणाला होत नसे. त्यात त्यांनी तीच शेरवानी गुरुवारी शहादेवला घालायला द्यायचं कबूल केलं, मग तर बोलणंच खुंटलं.

सकाळी निघताना त्यांची नजर शहादेवच्या हातांवर गेली.

"हे काय? हात हायेत का तवा?"

शहादेवनं हात मागं घेतले. सहा वर्षांचं तेल रेषारेषांत बसलं होतं, नखांच्या कडा काळ्या होत्या, आणि त्या नटामुळं काळेपणा रोज ताजा होत होता.

"अर्ज दोन हातांनी द्यायचा असतो," सुंदरराव म्हणाले. "साहेबाची नजर पहिली हातावरच जाते, एवढं ध्यानात ठेवा."

(त्यांनी दिलेल्या सगळ्या सल्ल्यांत हे एक वाक्य खरं निघालं. तेच नको होतं.)

भिवराबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं ऐकलं, आणि भाऊ गेल्यावर भाकरीचं पीठ तसंच ठेवून ती उठली.

पुढचे सहा दिवस शहादेवचे हात शहादेवचे राहिले नाहीत. सकाळी चुलीतली राख आणि लिंबू. दुपारी चिंचेचा कोळ. तिन्हीसांजेला रिठ्याचं पाणी आणि विटेचा तुकडा. तळव्याचे घट्टे तिनं भिजवून भिजवून घासले, नखं बाभळीच्या काट्यानं कोरली, आणि कातडी लाल होऊन चुरचुरायला लागली तेव्हा वरून लोणी चोळलं. छबूच्या भाकरीवरचं लोणी होतं ते. नट तर पहिल्याच दिवशी काढून तिनं कोनाड्यात ठेवला.

"अगं, तो राहू दे की. हात रिकामे ऱ्हायले की मला करमत न्हाई."

"गुरुवारपस्तोर ऱ्हाऊ द्या रिकामे."

"दुखतंय."

"कालव्यावर यापेक्षा दुखतं," भिवराबाई म्हणाली आणि वीट घासत राहिली.

तो वाक्य पाठ करायचा. हात तिच्या मांडीवर, तोंड आढ्याकडं, "हुजूर के इक़बाल से सब दुरुस्त है." त्याच्याआधी ते छबूला पाठ झालं. ती शेळीला सांगायची, कोंबडीला सांगायची, आणि एकदा पडून गुडघा फुटला तेव्हा रडत रडत तेच म्हणत घरात आली.

बुधवारपर्यंत हात गोरे झाले. इतके की जेवताना शहादेव बुजायला लागला. आपल्या ताटात कुणा पाहुण्यानं हात घातलाय असं त्याला वाटायचं. भिवराबाईनं मात्र ते हात उजेडात उलटे-सुलटे करून बघितले, आणि कितीतरी दिवसांनी ती हसली. त्या हसण्यासाठी शहादेवनं आणखी आठ दिवस विटेखाली काढले असते.

गुरुवारी झुंजुमुंजू होताच बंकटची गाडी दाराशी आली. ठेवून गेलेली शेरवानी सुंदररावांच्या मापाची होती आणि सुंदरराव शहादेवपेक्षा वीतभर उंच होते. बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत येत होत्या. (त्या बाहीखाली कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा एक लांब चट्टा होता. कड्याच्या इंजनाच्या धुराड्यानं दिलेला. दुसऱ्या कुठल्या अंगरख्यात तो दिसला असता.) वाटेत धूळ बसू नये म्हणून भिवराबाईनं त्याचे दोन्ही हात जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळले.

"भाजलं का बे?" बंकटनं विचारलं.

"न्हाई. धुतलेत."

बंकटनं बैलांकडं बघितलं, शहादेवकडं बघितलं, आणि गाडी हाकली.

अर्ध्या वाटेत गाडीचा आस कुरकुरायला लागला. शहादेव सवयीनं खाली उतरायला निघाला.

"डावं चाक हाय. वंगण आण, मी लावतो."

"तू बस गप," बंकट म्हणाला. "तुझ्या हाताला डाग लागला तर वहिनी मला नांदू द्यायची न्हाई."

मग शहादेव गाडीत नवऱ्या मुलासारखा बसून राहिला आणि बंकटनं कोपरापर्यंत हात काळे करून आसाला वंगण घातलं. पुसायला चिंधी नव्हती. गाडीतल्या सगळ्या चिंध्या शहादेवच्या हातांना गुंडाळलेल्या होत्या.

नदीकाठी पत्र्याच्या शेडमध्ये इंजन होतं. सुंदरराव कचेरीतून सवड काढून आधीच येऊन लिंबाखाली उभे होते. त्यांनी शहादेवच्या हातांवरच्या चिंध्या सोडल्या, बाह्या सारख्या केल्या आणि कानामागं अत्तराचं बोट लावलं.

शहादेवनं आत बघितलं आणि त्याचा जीव थोडा खाली पडला. गालिचा नाही, खुर्ची नाही, पंखा ओढणारा नाही. मोहतमीम साहेब हैदराबादचे होते, वय पन्नासच्या पुढं, आणि सदऱ्याच्या बाह्या वर सारून इंजनाशेजारी उभे होते. त्यांचे स्वतःचे हात काळेकुट्ट होते. ते कुणाचा अर्ज वाचत नव्हते. येईल त्याला इंजनापुढं उभं करून एकच गोष्ट विचारत होते.

इंजन चालू होतं. ठक, ठक, फुस्. ठक, ठक, फुस्.

शहादेवला बाहेरूनच कळलं. धूर बाहेर सोडणारी झडप नीट बसत नव्हती. तिच्या फटीतून इंजनाचा दम फुटत होता. झडप काढायची, घासून बसवायची, दुपारच्या जेवणाच्या आत काम संपलं असतं. दीड वर्षानं त्याला असा आवाज ऐकायला मिळत होता, आणि त्याला (सांगू नये, पण) भरून आलं.

त्याचा पुकारा झाला. त्यानं वाकून सलाम केला. साहेबांनी बघितलं नाही. दुसरा केला. तिसऱ्याला पटका डोळ्यावर आला.

"बस करो," साहेब म्हणाले. "इंजन की आवाज़ सुनो. क्या ख़राबी है, बोलो."

शहादेवच्या ओठावर आलं होतं, साहेब, झडप गळतीय. पण त्याच वेळी शेडच्या खिडकीतून लाल टोपी दिसली आणि टोपीखालच्या सुंदररावांनी हळूच मान हलवली. साहेबाच्या कुठल्याच वस्तूला वाईट म्हणायचं नाही. सहा दिवस पाठ केलेलं वाक्य तोंडात तयारच होतं. ते आपोआप बाहेर पडलं.

"हुजूर के इक़बाल से सब दुरुस्त है."

ठक, ठक, फुस्, इंजन म्हणालं.

"दुरुस्त है?" साहेब म्हणाले.

शहादेवला दुसरं उर्दू वाक्य येत नव्हतं. बोलून होत नाही तर करून दाखवावं म्हणून तो घाईनं झडपेकडं हात घेऊन गेला. साहेबांनी तो हात मनगटाशी धरला, उलटा केला, अंगठ्यानं तळवा चाचपला. मग दुसरा हात बघितला. मग वास घेतला. लोणी आणि अत्तर.

"तुम कचहरी में जाओ, मियाँ," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, ते जास्त वाईट होतं. "ये हाथ इंजन के नहीं."

"साहेब, धुतलेत," शहादेव म्हणाला. पण तोवर पुढच्या माणसाचा पुकारा झाला होता.

लिंबाखाली तो येऊन बसला. सुंदररावांनी त्याच्या अंगातली शेरवानी तिथंच उतरवून घेतली आणि उन्हात धरून नीट तपासली.

"एक डाग न्हाई पडला," ते म्हणाले. "अदब लई चांगली झाली, दाजी. सलाम तर अव्वल. आता हे लोक कळवतील." आणि ते कचेरीत गेले. त्यांना अकरा वर्षं कुणी काही कळवलं नव्हतं, तरी ते मनापासूनच बोलत होते.

"काय झालं त्या इंजनाला?" बंकटनं विचारलं.

"झडप गळतीय. धुराची. घासून बसवली की झालं."

"मंग सांगितलं न्हाईस कावून?"

शहादेवनं दोन्ही तळवे उताणे करून मांडीवर ठेवले.

"मी सांगून येतो," बंकट म्हणाला. तो मनानं चांगला होता, आणि त्याला शेडमध्ये जायला भीती वाटत नसे, कारण इंजनाच्या पेट्या त्याच्याच गाडीतून आल्या होत्या. तो तरातरा आत गेला आणि सलाम वगैरे न करता म्हणाला, "साहेब, धुराची झडप गळतीय. घासून बसवली की झालं."

साहेबांनी वळून बघितलं. कोपरापर्यंत काळे हात.

"कौन हो तुम?"

"गाडीवान. बंकट. हे मी न्हाई म्हणत, आमच्या गावचा शहादेव म्हणतोय. तो लिंबाखाली बसलाय त्यो."

"वो शेरवानीवाला? वो तो बोला सब दुरुस्त है." साहेब बऱ्याच दिवसांनी हसले असावेत, कारण शेडमधले शिपाई दचकले. "काम भी आता है और घमंड भी नहीं. ऐसा आदमी होना. कल से आओ."

बंकटनं तीनदा सांगितलं की मला यातलं काही कळत नाही. दर वेळी साहेबांना त्याचा नम्रपणा जास्तच आवडला.

परतीच्या वाटेवर पहिला कोस मागं पडला. मग बंकट म्हणाला, "मी उद्या जात न्हाई."

"जा. तुझ्याबी घरी खाणारी तोंडं हायेत."

"पर झडप म्हंजे काय बे?"

शहादेवनं सुस्कारा टाकला, कासऱ्याचं टोक हातात घेतलं आणि सांगायला सुरुवात केली. नेकनूर येईपर्यंत तो सांगत होता. इंजन सकाळी कसं तापवायचं, तेल कुठं कुठं आणि किती, चाक फिरवताना पाय कुठं ठेवायचा, कुठल्या आवाजाला घाबरायचं आणि कुठल्या आवाजाला हसायचं. बंकट सगळं दोनदा विचारायचा. गावाची वेस दिसली तेव्हा शहादेवच्या लक्षात आलं, की आज दिवसभरात आपली खरी मुलाकात ही झाली, आणि ती बैलांनी घेतली.

भिवराबाई दारातच उभी होती.

"बंकट लागला," शहादेव म्हणाला.

तिनं पदराला हात पुसले. मग तिनं विचारलं, "साहेबानं हात बघितले का?"

"बघितले."

"काय म्हणला?"

"लई साफ हायेत म्हणला."

तिच्या चेहऱ्यावर क्षणभर बरं वाटल्यासारखं आलं. मग तिनं त्याच्या हातांकडं बघितलं, कोनाड्यातल्या नटाकडं बघितलं, आणि तिला सगळं कळलं. ती आत गेली. छबूला हाक मारली. छबू तिच्याच पदराला धरून उभी होती.

सोमवारी सकाळी टोळी वेशीपाशी जमणार होती. बायनाबाई निरोप द्यायला आली, आणि तिनं बहिणीला बाजूला घेऊन सांगितलं, "मुकादम हात बघून माणूस घेतो. मऊ हात दिसले की बायकांच्या ओळीत घालतो. बायकांची हजेरी अर्धी."

भिवराबाईनं नवऱ्याला चुलीपाशी बसवलं. तव्याच्या बुडाची काजळी खरवडली. बंकटच्या घरून वंगण आणलं (बंकटची बायको एरवी देत नसे, पण तिलाही आता जरा संकोच वाटत होता). वीट जशी घासली होती तशाच नेटानं तिनं काजळी आणि वंगण त्याच्या तळव्यांत, रेषांत, नखांच्या कडांत चोळलं. शहादेव बघत राहिला. काही वेळानं ते हात त्याला पुन्हा ओळखीचे दिसायला लागले. तिनं कोनाड्यातला नट काढून त्याच्या मुठीत ठेवला आणि मूठ मिटवली. दोघंही एकमेकांकडं बघत नव्हती.

वेशीपाशी बबनराव मुकादम ओळीनं हात बघत येत होता. शहादेवपुढं तो थांबला. तळवा उलटा केला, बोटं चोळली, वास घेतला.

"इंजनावर होतास का कुठं?"

शहादेवनं मान वर करून बघितलं. निजामाच्या साऱ्या मोगलाईत हे विचारणारा हा पहिलाच माणूस होता.

"व्हय," तो म्हणाला. "सहा वर्षं. कड्याला."

"वाटलंच. हात बोलतात," मुकादम म्हणाला आणि पुढच्या माणसाकडं वळला. "इंजनवाल्याचं कुदळीवर मन लागत न्हाई. सारा दिस आवाज ऐकत बसतो. बायकांच्या ओळीत जा, मातीची पाटी उचल."

भिवराबाईनं सरकून जागा केली. छबू तिच्या कडेवर होती. शहादेव पाटी घेऊन तिच्या शेजारी उभा राहिला. आता माणसानं निदान गप्प राहावं. पण मुकादम अजून दोन पावलांवरच होता, आणि सहा दिवसांची सवय चार दिवसांत जात नाही.

"हुजूर के इक़बाल से सब दुरुस्त है," तो म्हणाला.

मुकादमानं मागं वळून त्याला एकवार नीट बघितलं. मग त्याच्या हातातली पाटी काढून घेतली आणि मोठी दिली.